थाळनेरच्या नातीचं नाव

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : घरच्या पार्टीत गाणारं पोर एकट्याच्या नावावर मोठं कसं होतं. आपल्यातल्या बऱ्याच जणांना लगेच मायकल जॅक्सन आठवला असेल. अमेरिकेतल्या गॅरी गावचे पाच भाऊ, वडिलांचा धाक, १९६९ साली पुढे उभा राहून गाणारा अकरा वर्षांचा पोरगा आणि १९८२ चा ‘थ्रिलर’. गोष्ट मोठीच आहे. पण त्यासाठी इतकं लांब जायला नको. आपल्या गोमाईचं पाणी प्रकाशाला तापीला मिळतं. त्या तापीच्या काठाने वर निघालं, सारंगखेडा मागे टाकलं आणि शिरपूर तालुक्यात शिरलं, की थाळनेर लागतं. ते लता मंगेशकरांचं आजोळ.

थाळनेरच्या हरिदास लाड शेठजींची मुलगी मास्टर दीनानाथांना दिली होती. ती वारली, तेव्हा तिचीच धाकटी बहीण शेवंती त्यांची पत्नी झाली. तीच या भावंडांची माई. पावागडचे गरबे लतादीदी शिकल्या ते या गुजराती आजीकडून. म्हणजे जगाने ऐकलेल्या त्या गळ्यात पहिला थेंब गोव्याच्या मंगेशीचा असेल, तर दुसरा आपल्या खानदेशातला आहे. हे मी अभिमानाने सांगतो. थोडी बढाई वाटली तर खपवून घ्या.

आता त्या घरच्या पार्टीबद्दल. दीनानाथांनी चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर १९१८ साली ‘बळवंत संगीत मंडळी’ काढली. नाटक कंपनी म्हणजे काय, हे सारंगखेड्याच्या यात्रेत राहुट्या आणि फड पाहिलेल्या आपल्यासारख्यांना वेगळं सांगायला नको. सामानाच्या पेट्या, मोठा भटारखाना, आज एक गाव तर उद्या दुसरं, आणि मालकाची मुलं त्या सगळ्यातच वाढणारी. २८ सप्टेंबर १९२९ ला इंदूरला जन्मलेल्या मुलीचं नाव आधी हेमा होतं. ‘भावबंधन’ नाटकात लतिका नावाची भूमिका आहे, त्यावरून ती लता झाली. म्हणजे नावसुद्धा कंपनीनेच दिलेलं. पुढे एकदा मनमाडला ‘सौभद्र’च्या वेळी नारदाचं काम करणारा नट आला नाही, तेव्हा ही चिमुरडी नारद होऊन उभी राहिली आणि तिने ‘वन्स मोअर’ घेतला.

पण मायकल जॅक्सनच्या गोष्टीत आणि हिच्या गोष्टीत मोठा फरक इथेच आहे. तिथे पार्टी चढत गेली आणि मुलगा त्या लाटेवर वर आला. इथे पार्टी बुडत होती. १९३२ ला ‘अयोध्येचा राजा’ आला, मराठी पडदा बोलू लागला आणि नाटकाचा प्रेक्षक तिकडे वळला. दीनानाथांनी स्वतः सिनेमात पैसा घातला, तो बुडाला. कंपनी मोडली. २४ एप्रिल १९४२ ला पुण्यात ते गेले. मागे माई आणि पाच लेकरं : लता, मीना, आशा, उषा, हृदयनाथ. थोरलीला तेरावं चालू होतं.

आपण तेराव्या वर्षी आठवीत होतो. गणिताच्या तासाला कोण कुठे लपायचं, हे समोर बसलेले सर सांगतील.

ती मुलगी मात्र मास्टर विनायकांच्या सिनेमात पगारावर कामाला लागली. १९४२ च्या ‘पहिली मंगळागौर’मध्ये तिला छोटं काम मिळालं. तोंडाला रंग लावून उभं राहणं तिला अजिबात आवडत नसे, हे तिने पुढे अनेकदा सांगितलं. पण घरात सहा तोंडं होती. १९४५ ला विनायकांच्या कंपनीबरोबर ती मुंबईला आली आणि अमानअली खाँसाहेब भेंडीबाजारवाल्यांकडे शिकू लागली. १९४७ च्या ऑगस्टमध्ये विनायकही गेले. दुसऱ्यांदा आधार गेला.

मग संगीतकार गुलाम हैदर तिला घेऊन फिल्मिस्तानच्या शशधर मुखर्जींकडे गेले. त्यांनी आवाज फार बारीक आहे म्हणून नाकारला. हैदरांनी १९४८ ला ‘मजबूर’मध्ये तिला गायला लावलं आणि पुढच्याच वर्षी ‘महल’ आला.

‘महल’पाशी मी जरा थांबतो, कारण मला सांगायचं आहे ते इथे आहे. खेमचंद प्रकाशांच्या त्या गाण्यात आवाज लांबून जवळ येतो असं वाटायला हवं होतं. म्हणून लता मायक्रोफोनपासून दूर उभी राहून गात गात जवळ येत गेली. गाणं देशभर वाजलं. आणि तबकडीवर गायिकेचं नाव काय होतं? कामिनी. म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. रेडिओवर ऐकणाऱ्यांनी पत्रं पाठवून पाठवून विचारलं, ही गाते कोण? रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड कंपनीला विचारलं, तेव्हा कुठे नाव बाहेर आलं.

घर चालवायला गाणाऱ्या मुलीचं नाव लिहायला कुणाला सुचलं नाही, ते ऐकणाऱ्यांनी मागून घेतलं. यानंतर त्या नावासाठी त्या आयुष्यभर भांडल्या, असं मला वाटतं. फिल्मफेअरचं पारितोषिक संगीतकाराला मिळत होतं, गाणाऱ्याला नव्हतं. १९५७ साली त्यांनी त्या समारंभात गायला नकार दिला. १९५९ पासून पार्श्वगायनाचं पारितोषिक सुरू झालं आणि पहिलं त्यांनाच मिळालं, ‘मधुमती’साठी. गायकांना रॉयल्टी हवी म्हणून त्या अडून बसल्या. त्यात रफीसाहेबांशी बिनसलं आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. त्यांनी दुसऱ्या कुणाला वर येऊ दिलं नाही, असंही लोक म्हणतात. त्यावर वाद घालायला मला संध्याकाळ पुरायची नाही. पण ज्या बाईने मोडलेली कंपनी आणि न छापलेलं नाव दोन्ही पाहिलं, ती व्यवहारात सैल राहील अशी अपेक्षा मी तरी करणार नाही.

गंमत म्हणजे याच बाईंनी मराठी सिनेमांना संगीत दिलं ते ‘आनंदघन’ नावाने. ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’ ही त्यातलीच. ‘साधी माणसं’ला राज्य पुरस्कार मिळाला, तेव्हा आनंदघन म्हणजे त्याच, हे लोकांना कळलं. स्वतःचं नाव स्वतः झाकणं वेगळं आणि दुसऱ्याने न लिहिणं वेगळं.

हे सगळं मला सुचलं ते आजची कार्यक्रमपत्रिका पाहून. सकाळी आपल्या स्वागताला सातपुड्यातली मंडळी पावरी वाजवत होती. दोन भाऊ, त्यांचे वडील, आणि ढोलावर एक दहा-बारा वर्षांची मुलगी. आपण सगळ्यांनी मोबाईलवर चित्रण केलं. पत्रिकेत मात्र एवढंच आहे : ‘आदिवासी वाद्यपथक’. शालेय समितीपासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं आहेत, त्यांची नाहीत. चहाच्या वेळी मी त्यांच्याकडे जाऊन चौघांची नावं कागदावर लिहून घेतली आहेत. मुलीने स्वतःचं नाव स्वतः लिहिलं, वळणदार अक्षरात. स्मरणिकेच्या संपादकांनी व्यासपीठावरून उतरताना तो कागद माझ्याकडून घ्यावा, ही विनंती.