मद्य आणि आतडीं



१९४९ सालचा मुंबई दारूबंदी कायदा आज 'महाराष्ट्र' या नांवानें आपल्या राज्यांत चालूच आहे. आणि गंमत अशी कीं, त्याअन्वयें मद्यपानाचा वैयक्तिक परवाना दिला जातो तो आरोग्यरक्षणाच्या कारणासाठीं! कागदावरचें हें कारण बाजूस ठेवून, प्रत्यक्ष पचनसंस्था या पदार्थाचें स्वागत कसें करते, तें आज पाहूं.

ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील नोकरदार गृहस्थाचा दिवस आगगाडीच्या वेळापत्रकाला बांधलेला. दुपारीं एकच्या सुमारास डबा, आणि रात्रीं गाडींतून उतरेपर्यंत पोट रिकामें. अशा वेळीं घेतलेलें मद्य जठरांत फारसें रेंगाळत नाहीं. तें झपाट्यानें लहान आतड्यांत उतरतें आणि तेथूनच त्याचा बहुतेक भाग रक्तांत मिसळतो. जातां जातां तें जठराच्या अस्तराचा दाह करतें व अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पाडतें. म्हणून मध्यरात्रीं आंबट पाणी घशाशीं येतें. सकाळीं दोष मात्र चखण्याच्या बिचाऱ्या शेंगदाण्यांवर!

मोठ्या आतड्याचें काम पाणी शोषून मळ घट्ट करण्याचें. मद्यानें आतड्यांची हालचाल वाढली कीं त्यास अवसर मिळत नाहीं व जुलाब होतात. उलट मद्यानें लघवीचें प्रमाण वाढून शरीर कोरडें पडतें, तेव्हां कोणास बद्धकोष्ठ जडतें. लोकलगाडींत शौचकूप नसतो, हें सकाळीं डोंबिवलीहून उभ्यानें निघणाऱ्यास सांगावयास नकोच.

नित्य पिणाराची हानि याहून खोल. बी-१ जीवनसत्त्व व फॉलिक आम्ल आतड्यांतून नीट शोषलें जात नाहीं; ताट भरलेलें असूनही देह उपाशी राहतो. मद्यजन्य विकारांसाठीं चरकसंहितेनें 'मदात्यय' हा स्वतंत्र अध्याय दिला आहे, तो उगाच नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९८८ सालीं मद्य कर्करोगकारक ठरविलें. पुढें मोठ्या आतड्याचा व गुदाशयाचा कर्करोगही त्या यादींत आला. बीअर किंवा वाइन म्हणून यांत सूट नाहीं, दोष अल्कोहोलाचाच.

मला सर्वांत घातक वाटते ती 'मूळव्याध असेल' ही समजूत. शौचावाटे रक्त दिसलें कीं लाजेनें गप्प बसावयाचें, आणि महिने काढावयाचे! रक्त, डांबरासारखा काळा मळ, शौचाच्या संवयींत टिकून राहिलेला बदल, यांपैकीं कांहींही आढळल्यास डॉक्टरांकडे जावें आणि पिण्याचें प्रमाण खरें सांगावें. कळव्याचें छत्रपति शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचें रुक्मिणीबाई, डोंबिवलीचें शास्त्रीनगर, हीं महानगरपालिकांचीं रुग्णालयें आपल्या जवळच आहेत. डोकें दुखतें म्हणून मद्यावर ॲस्पिरिन घेणें टाळावें. दोहोंनीं मिळून जठरांतून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

घरच्या मंडळींस एक सूचना. वर्षानुवर्षें रोज पुष्कळ पिणारास एकाएकीं बाटली बंद करावयास लावूं नका. कंप, आंचके, भ्रम होऊन जिवावर बेतूं शकतें. ती सोडवणूक डॉक्टरांच्या देखरेखीखालींच व्हावी.