सौर बंब : घरी आणि संघाच्या वास्तूंत
(संघाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिष्यवृत्ती, वधूवर-सूचक मंडळ, इमारत निधी अशा विषयांवर वार्षिक मेळाव्यात बोलण्याची आपली परंपरा आहे. त्या पंक्तीत स्नानाच्या पाण्यासारखा साधा विषय आणून बसविणे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या गोष्टीसाठी प्रत्येक कुटुंब रोज इंधन खर्च करिते, ती गोष्ट ज्ञातिसंस्थेच्या विचाराबाहेर राहावी असे मला वाटत नाही.

आपल्या आजी-पणजीच्या काळी पहाटे तांब्याचा बंब पेटत असे. सरपण गोळा करणे, गवऱ्या थापणे, राख काढणे आणि धूर सोसणे हे सारे बहुधा घरातील स्त्रियांच्याच वाट्याला येई. पुढे गॅस आला, विजेचा गिझर आला, आणि धूर न्हाणीघरातून गेला. तो नाहीसा मात्र झाला नाही. चंद्रपूर-कोराडीच्या वीजकेंद्रांच्या धुराड्यांतून तो निघू लागला, इतकेच.

आता थोडा हिशेब पाहू. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे ४ युनिट वीज लागते. त्यात थंड पाणी मिसळले की ४० अंशांचे सुमारे २३० लिटर पाणी होते. म्हणजे २० लिटरच्या अकरा बादल्या. लहान कुटुंबाची एवढ्यात सोय होते. उलट, आपल्या महाराष्ट्रात स्वच्छ उन्हाच्या दिवशी एक चौरस मीटर जागेवर सुमारे ५ युनिटांइतकी उष्णता पडते. दोन चौरस मीटरवर ती १० युनिटे भरते, आणि त्यातील निम्म्याहून कमी जरी पाण्यात उतरली तरी आपले काम झाले.

ही कल्पना नवी नाही. १८७८ साली विल्यम ॲडम्स या गृहस्थांनी मुंबईच्या उन्हावर प्रयोग करून, उष्ण देशांत सूर्याची उष्णता इंधनाची जागा घेऊ शकेल, असे प्रतिपादन करणारे पुस्तक लिहिले. १८९१ साली अमेरिकेत क्लॅरेन्स केम्प यांनी सौर बंबाचे पेटंट घेतले. परंतु त्यातील पाणी रात्री निवून जाई. १९०९ साली कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी तापविण्याचा भाग आणि साठविण्याची टाकी वेगळी केली, टाकीस उष्णतारोधक वेष्टन घातले, आणि दिवसा तापलेले पाणी दुसऱ्या सकाळी मिळू लागले. प्रातःस्नान करणाऱ्या आपल्या समाजास याहून सोयीचे काय असणार? इस्रायलने १९८० साली नव्या घरांना असे बंब बसविण्याची सक्ती केली.

यंत्राची रचनाही साधी आहे. काचेखालील काळ्या पत्र्यास जोडलेल्या नळ्यांत पाणी तापते, हलके होऊन वरच्या टाकीत चढते, आणि टाकीतील थंड पाणी त्याच्या जागी खाली उतरते. पंप नको, वीज नको. तबकडी दक्षिणाभिमुख आणि तिरपी असावी, तिच्यावर सावली नसावी, गरम पाण्याची टाकी तिच्याहून उंच असावी आणि थंड पाण्याची टाकी त्याहूनही उंच असावी. एवढे पथ्य पाळले की पुरे.

कोणी विचारील की, २०२४ साली सूर्यघर योजना आली, गच्चीवर वीजच तयार होते, मग बंब कशाला? प्रश्न रास्त आहे. ज्यांची गच्ची विस्तीर्ण आहे त्यांनी दोन्ही बसवावे. परंतु वीज करणारे पटल उन्हाचा सुमारे पाचवा हिस्साच उपयोगात आणते, तर बंब साधारणपणे निम्मा हिस्सा पाण्यात उतरवितो. जागा थोडी आणि गरज गरम पाण्याची असेल, तेथे बंबच अधिक काटकसरीचा.

मग अडते कोठे? माझ्या मते यंत्रापाशी नव्हे, गच्चीपाशी. सहकारी गृहसंस्थेत गच्ची सर्वांची असते, म्हणजे बहुधा कोणाचीच नसते. वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडास गरम पाणी लगेच मिळते. खालच्याने नळ उघडला की नळातील चार-पाच लिटर थंड पाणी आधी वाहून जाते. तेथून कुरबूर सुरू होते आणि पुढील दुरुस्तीची वर्गणी थकते. वस्तुतः नळांना वेष्टन घालणे, पाणी नळातून फिरते ठेवणे किंवा पाण्याच्या वेळा ठरविणे, हे उपाय सर्वांस ठाऊक आहेत. सर्वसाधारण सभेत ते बसविण्यापूर्वीच ठरवून घ्यावे, भांडणानंतर नव्हे.

देखभालीविषयी भगिनींचे अनुभव पुरुषांहून अधिक असतील. विंधनविहिरीच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार साचतात; पाणी कोमट येऊ लागले की लोक बंबास दोष देतात. अशा ठिकाणी क्षार वेळोवेळी काढावे लागतात. काचेवरील धूळ पुसावी. पावसाळ्यासाठी टाकीत विजेची कांडी असते. ती रात्रंदिवस चालू राहिली तर सूर्यास तापविण्याजोगे काही उरतच नाही, आणि बिल मात्र पूर्ववत येते! ढगाळ दिवशीच ती लावावी.

पूर्वी केंद्र सरकारचे अनुदान मिळे. ते २०१४ साली बंद झाले. पुणे महानगरपालिकेने मिळकतकरात सवलत देण्याचे धोरण स्वीकारले; आपापल्या गावी काय नियम आहे, हे प्रत्येकाने चौकशी करून पाहावे. परंतु सरकार देईल तेव्हा करू, असे म्हणून बसणे आपल्या संघाच्या परंपरेस शोभणारे नाही. पूर्वजांनी वसतिगृहे उभारली ती अनुदानाची वाट पाहून नव्हे.

वसतिगृहाचे नाव निघालेच आहे, तर तेथूनच आरंभ करावा. ५० विद्यार्थ्यांच्या वसतिगृहास प्रत्येकी २० लिटर धरले तर रोज १,००० लिटर गरम पाणी लागते. म्हणजे ४० युनिटे. उन्हाचे २५० दिवस धरले तरी वर्षास १०,००० युनिटे होतात. आपल्या वीजबिलातील दराने गुणून पाहावे. ती रक्कम किती विद्यार्थ्यांच्या पुस्तकांना पुरेल, हे कोषाध्यक्ष माझ्याहून बरे सांगू शकतील. परीक्षेच्या थंडीच्या दिवसांत गार पाण्याने आंघोळ उरकणारा खेड्यातील मुलगा ही आपलीच जबाबदारी आहे.

यास्तव तीन सूचना करितो. संघाच्या प्रत्येक नव्या वास्तूच्या आराखड्यात बंबाची जागा व नळ आरंभीच धरावे, कारण भिंती फोडून ते पुढे घालणे महाग पडते. खरेदी अनेक कुटुंबांनी मिळून करावी आणि त्याच करारात पाच वर्षांची देखभाल लिहून घ्यावी. तिसरी सूचना अशी की, आपल्यातील अभियंते व नळकाम जाणणारे कारागीर यांची एक लहान समिती नेमावी. तिने सभासदांच्या गच्चीवरील बंद पडलेले संच प्रथम पाहावेत. नवा बंब घेण्यापूर्वी जुना चालू करणे हे अधिक पुण्याचे आणि कमी खर्चाचे काम आहे.

उन्हाची आपल्या देशास कधी वाण पडली नाही. वाण आहे ती एकत्र बसून निर्णय करण्याची. ते काम ज्ञातिसंघाने करावयाचे नाही, तर कोणी?