थाळीतील भाकरी आणि गोठ्यातील कडबा



आहार हा केवळ जिभेचा विषय नव्हे. भूमी, पीक आणि गोधन यांच्याशी त्याचे नाते असते. केरळात नारळ विपुल, म्हणून तेथे खोबरेल तेल स्वयंपाकात आले. बुलढाण्याच्या काळ्या मातीत करडई, जवस, तीळ पिकले. येथील घाण्यांतून तीच तेले निघाली.

आज खोबरेल तेलाची महती सर्वत्र गायिली जाते. परंतु त्यातील सुमारे ९० टक्के मेद संपृक्त असतो आणि असा मेद एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जवसाच्या तेलात मात्र निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ मेदाम्लाचा असतो. ते तळणास योग्य नाही; भाकरीसोबतच्या जवसाच्या चटणीतून ते सहज पोटात जाते.

शेगावी श्रीगजानन महाराजांना नैवेद्य असतो तो पिठले-भाकरी आणि अंबाडीच्या भाजीचा. गरिबाच्या घरचे हे अन्न तेथे प्रसाद होते.

आता शिवारातून ज्वारी हटली, सोयाबीन आले. रोख पैशाची निकड असलेल्या शेतकऱ्यास दोष देता येणार नाही. पण ज्वारीबरोबर कडबा गेला, जवसाबरोबर ढेप गेली आणि गोठाही ओस पडू लागला. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. मात्र वर्ष साजरे केल्याने पीक टिकत नाही. घरोघरी भाकरी भाजली जाईल आणि ग्राहक ज्वारीला रास्त भाव देईल, तरच ती पुन्हा पेरली जाईल.