जर्मनीतली खोली आणि आगाऊ पैसे

आपल्या गटांतल्या काही जणींची मुलं जर्मनीला शिकायला निघालीत. राहायचं कुठे, हा घोर मात्र आईलाच.

तिथं सगळ्यांत स्वस्त बहुधा विद्यार्थी वसतिगृह. ते बहुतेक ठिकाणी कॉलेज नाही, 'श्टुडिरेंडनवेर्क' नावाची संस्था चालवते, म्हणून अर्ज वेगळा करावा लागतो. म्युनिकसारख्या शहरात नंबर लागायला महिनोन्महिने जातात. प्रवेशाचं पत्र येताच अर्ज टाकायला सांगा. दुसरी सोय म्हणजे तीन-चार जणांनी मिळून घेतलेलं घर, स्वयंपाकघर सामाईक. मुलींसाठी फक्त मुलींचं घरही शोधता येतं. कुणी एखाद्या कुटुंबातही खोली घेतं.

सांभाळायची ती अनामत. कायद्यानं ती तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त नसते, आणि तीन हप्त्यांत देता येते. "आधी पैसे टाका, चावी कुरिअरनं पाठवतो" असं कुणी म्हणालं, तर गटाच्या कर्जातला एक रुपयाही पाठवू नका. फोटो काय, कुणाच्याही घराचे लावता येतात!

आणखी एक विचारा: घरमालक राहण्याचा दाखला देणार का? राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत सरकारी कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो, त्याला तो लागतो. दाखला न देणाऱ्याची खोली कितीही स्वस्त असो, आम्ही तरी घ्या म्हणणार नाही.