खांद्यावरची पिशवी
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मोठमोठ्या विषयांवर बोलणाऱ्या विदुषी आपल्या मंडळात पुष्कळ आहेत. मी आज पिशवीवर बोलणार आहे. हसू नका, पिशवीत आपला अर्धा संसार असतो.

आपल्या आज्या-पणज्या नऊवारी नेसत. त्यांचा पैसा कनवटीला असे. बाहेरगावी निघताना पुरुष कमरेला कसा बांधत, बायकांजवळ बटवा किंवा चंची असे. कनवटीच्या पैशाला हात घालण्याची कोणाची छाती नव्हती. पुढे पाचवारी आली, मग पंजाबी ड्रेस आला. कनवट गेली, पण तिच्या जागी खिसा काही आला नाही. पुरुषांच्या सदऱ्याला खिसा, पँटला खिसे; आपल्याला मात्र पैसे, किल्ल्या, चष्मा, मोबाइल, सारे एका पिशवीत कोंबावे लागते.

माझ्या धाकट्या जावेने मुलीच्या फीचे पैसे असेच वरच्या कप्प्यात ठेवले होते. एस.टी.च्या गर्दीत कोणीतरी पिशवीला खालून ब्लेड मारले. घरी येईपर्यंत तिला पत्ताही नव्हता. पैशापेक्षा तिला लागले ते लोकांचे बोलणे, "लक्ष कुठे होते तुझे?" अहो, चोरी चोराने केली आणि बोलणी मात्र तिने खाल्ली!

तेव्हा पिशवी घेताना रंगाला भुलू नका. आपल्या रोजच्या वस्तू दुकानात सोबत न्या आणि त्या आत घालून पाहा. पिशवी ऐसपैस असावी, पण भाजीही तीतच कोंबावी इतकी नको; भाजीची पिशवी निराळी. कापड जाड, तळ दुहेरी. पट्टा दोन बोटे तरी रुंद असावा, म्हणजे खांद्यात रुतत नाही. आणि तो जिथे जोडला आहे तिथे चौकोनी, आडवीतिडवी शिवण आहे ना, ते ओढून पाहावे. तोंडाला चेन हवीच. अस्तर फिक्या रंगाचे असावे. काळ्या अस्तरात काळी किल्ली सापडत नाही.

मुख्य गोष्ट चोरकप्प्याची. तो अंगाकडच्या बाजूला, आतून, चेन लावलेला असावा. तयार पिशवीला नसेल तर घरी हाताने शिवावा. मोठी रक्कम तिथे; तिकिटापुरते सुटे पैसे लहान पाकिटात, वरती. चारचौघांत चोरकप्पा उघडू नये. एकदा उघडला की तो चोरकप्पा राहत नाही.

गर्दीत पिशवी गळ्यातून तिरपी घालून पोटावर घ्यावी. रस्त्याने चालताना ती वाहनांकडे न ठेवता भिंतीकडच्या बाजूला ठेवावी. मोटारसायकलवरून कोणी हिसका मारलाच, तर पिशवी धरून फरफटत जाऊ नका, सोडून द्या. पैसा पुन्हा मिळेल, हातपाय मिळणार नाहीत. मग ११२ नंबरला फोन करा आणि तक्रार नोंदवाच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून चोरी हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

एटीएम कार्डाचा गुप्त आकडा चिठ्ठीवर लिहून पिशवीत ठेवू नये. ते कुलपालाच किल्ली बांधण्यासारखे आहे. मोबाइलवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की पंधरा आकड्यांचा नंबर दिसतो. तो घरच्या वहीत लिहून ठेवा. मोबाइल हरवला तर तो बंद पाडण्यासाठी हाच नंबर लागतो.

कोणी म्हणेल, बायकांनी एवढे पैसे बाळगावेत कशाला? भगिनींनो, आजारी पोराला रिक्षात घालून दवाखान्यात न्यायचे असते, तेव्हा कोणाची वाट पाहायला वेळ नसतो. आपल्याजवळ आपला पैसा असला की पाऊल ठाम पडते. आजीची कनवट हेच सांगत होती.

पुढच्या महिन्यात मंडळाच्या शिवणवर्गात चोरकप्पा शिवायला मी शिकवीन. जुन्या चादरीचा तुकडा आणि एक चेन घेऊन या.