होमरच्या काव्यातील यज्ञ आणि अग्नी



खेड्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना विस्तव राखेखाली झाकून ठेवण्याची रीत सांगायला नको. रात्रीचा स्वयंपाक उरकला की एखादा धगधगता निखारा राखेत पुरायचा. पहाटे राख बाजूला सारून दोन काटक्या घातल्या आणि फुंकर मारली की चूल पेटली. विस्तव विझलाच, तर खापर घेऊन शेजारी जायचे. पण ज्याला शेजारच नाही, ज्याची वस्ती रानाच्या पार टोकाला आहे, त्याने काय करावे? त्याने तो निखारा जिवापलीकडे जपलाच पाहिजे.

ही उपमा माझी नव्हे, बरं का. ती ग्रीक महाकवी होमरची आहे, म्हणजे सुमारे पावणेतीन हजार वर्षांपूर्वीची. ‘ओडिसी’च्या पाचव्या सर्गात ओडिसियस दोन दिवस आणि दोन रात्री समुद्राच्या लाटांचा मार खाऊन एका अनोळखी किनाऱ्याला लागतो. अंगावर वस्त्र नाही, जवळ माणूस नाही. ऑलिव्हच्या झुडपाखाली वाळक्या पानांचा ढीग असतो, त्यात तो स्वतःला गाडून घेतो. त्या वेळी कवीला आठवतो तो रानातला एकटा शेतकरी आणि त्याने राखेत जपलेले अग्नीचे बी. ‘बी’ हा शब्दही त्याचाच.

होमरच्या अग्नीशी आपली ओळख या राखेतून व्हावी असे मला वाटले. कारण ग्रीक महाकाव्य आणि आग म्हटले की शाळेतल्या मुलांपासून आपल्यापर्यंत सर्वांना जळणारे ट्रॉय नगर आठवते. मौज अशी की ‘इलियड’मध्ये ट्रॉय जळतच नाही. २४ सर्ग आणि पंधरा हजारांहून अधिक ओळींच्या या काव्यात युद्धाच्या दहाव्या वर्षातील जेमतेम पन्नास दिवसांची हकिगत आहे. नगर पडण्याआधीच ती संपते. तरीही काव्यात आग जागोजागी आहे: वेदीवर, शेकोटीत, जहाजांवर, लोहाराच्या भट्टीत, नदीच्या पात्रात आणि चितेवर. ही आग कुठे माणसांना एकत्र बसवून जेवू घालते आणि कुठे माणसांनाच खाते, एवढे लक्षात ठेवून ‘इलियड’ वाचले तर त्या काव्याचा गाभा हाती लागतो, असे माझे मत आहे. तेच आज आपल्यापुढे मांडतो.

यज्ञ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कुंड, समिधा, तुपाची आहुती आणि देवांपर्यंत हवि पोचवणारा अग्निदेव उभा राहतो. ऋग्वेदाचे पहिलेच सूक्त त्याचे आहे. ग्रीकांचे तसे नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे घोटाळा नको. लॅटिन भाषेत विस्तवाला ‘इग्निस’ म्हणतात. तो आपल्या अग्नीचा सख्खा भाऊ. ग्रीक भाषेत मात्र विस्तवाला ‘प्यूर’ म्हणतात, त्याचे अग्नीशी नाते नाही. ग्रीकांचा अग्निदेव हेफेस्टस हा देवांचा पुरोहित नव्हे. तो भात्यापुढे घाम गाळणारा लंगडा लोहार आहे. देवांचा वाटा वर नेण्याचे काम धुराचे. चरबी जळताना जो खमंग वास सुटतो तो आकाशात गेला की देव तृप्त होतात, अशी होमरच्या माणसांची समजूत.

आता प्रत्यक्ष विधी पाहू. ‘इलियड’च्या पहिल्याच सर्गात अपोलो देवाचा म्हातारा पुजारी क्रिसीस आपली पळवून नेलेली मुलगी सोडवायला ग्रीकांच्या तळावर येतो. सेनापती ॲगॅमेम्नॉन त्याला हाकलून देतो. म्हातारा समुद्रकाठी जाऊन देवाला आठवण देतो, की मी तुझ्यासाठी बैलांच्या आणि बोकडांच्या मांड्या जाळल्या आहेत, त्या तुला रुचल्या असतील तर माझे एवढे काम कर. देव ऐकतो. नऊ दिवस तळावर साथीचे बाण पडत राहतात आणि प्रेतांच्या चिता अखंड जळतात. काव्यातली पहिली मोठी आग ती ही. शेवटी मुलगी परत करावी लागते, आणि तिच्याबरोबर देवासाठी शंभर बैलही धाडले जातात.

बैल वेदीभोवती नीट ओळीने उभे करतात. माणसे हात धुतात, जवाचे दाणे हातात घेतात. म्हातारा प्रार्थना करतो, दाणे टाकले जातात. मग जनावराची मान मागे खेचून ते कापतात, सोलतात, मांडीची हाडे काढतात, त्यांवर चरबीची दुहेरी घडी घालतात आणि वर कच्च्या मांसाचे तुकडे ठेवतात. म्हातारा हे सारे फाडलेल्या लाकडांवर जाळतो आणि वरून मद्याची धार धरतो. शेजारी तरुण पोरे पाच दातांचे काटे घेऊन उभी. मांड्या जळाल्या की काळीज वगैरे आतले मांस चाखायचे. उरलेल्याचे तुकडे करून सळयांना टोचायचे, जपून भाजायचे आणि मग सर्वांनी जेवायला बसायचे. कोणालाही वाट्यात कमी पडले नाही, असे कवी न चुकता सांगतो. दिवसभर गाणी चालतात आणि साथ थांबते.

हे वर्णन ऐकताना शेतकरी श्रोत्यांच्या मनाला बैलाचा घात बोचेल, आणि ते स्वाभाविक आहे. ग्रीकांचाही बैल नांगराचाच होता. म्हणून की काय, ‘ओडिसी’तला वृद्ध राजा नेस्टर अथीना देवीला जी कालवड देतो तिच्या मानेवर कधी जू ठेवलेले नसते. तिच्या शिंगांना सोनाराकडून सोने मढवून घेतलेले असते. आपण पोळ्याला शिंगांना बेगड लावतो, पण आपला बैल त्या दिवशी पुरणपोळी खाऊन परत गोठ्यात जातो.

देवाला हाडे आणि चरबी, माणसाला मांस, अशी वाटणी का? याचे उत्तर होमर देत नाही. त्याच्याच सुमाराच्या हेसिअड नावाच्या कवीने दिले आहे. पूर्वी देव आणि माणसे मेकोने नावाच्या गावी वाटणीला बसली. प्रॉमिथियसने बैलाचे दोन वाटे केले: एका वाट्यात मांस ओंगळ पोटाखाली लपवले, दुसऱ्यात नुसती हाडे चकचकीत चरबीखाली मांडली. झ्यूसने चरबीवर हात ठेवला आणि रागावून माणसाची आग काढून घेतली. मग प्रॉमिथियसने ती एका पोकळ दांड्यात लपवून चोरून आणली. म्हणजे आग, वाटणी आणि भांडण ही तिन्ही एकाच कथेत जन्मली आहेत.

ही निव्वळ कवींची कल्पना नव्हती, याला जमिनीतला पुरावा आहे. दक्षिण ग्रीसमध्ये पायलॉसजवळ कार्ल ब्लेगन या अमेरिकन संशोधकाने १९३९ साली एका प्राचीन राजवाड्याचे उत्खनन सुरू केले. तिथे निघालेल्या जळक्या हाडांचा बारकाईने अभ्यास होऊन तो २००२ साली प्रसिद्ध झाला. हाडे बहुतेक गुराढोरांची, त्यांत मांडीची हाडे ठळक, आणि जाळण्यापूर्वी त्यांवरचे मांस सुरीने काढून घेतल्याच्या खुणा स्पष्ट. तो राजवाडा इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमारास जळाला, म्हणजे होमरच्या आधी निदान चारशे वर्षे. एवढा काळ ती रीत लोकांच्या ध्यानात राहिली.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. यज्ञ म्हणजे न्याय्य वाटणी. देवाचा वाटा देवाला, माणसाचा माणसाला, आणि माणसामाणसांत सारखा. ‘इलियड’चे सारे भांडण नेमके वाटणीवरून सुरू होते. पुजाऱ्याची मुलगी परत करावी लागली म्हणून ॲगॅमेम्नॉन अकिलीसच्या वाट्याला आलेली स्त्री हिसकावून घेतो. लुटीत मिळालेल्या स्त्रियांचे वाटे पडतात हे आपल्याला आज ऐकवत नाही. पण त्या समाजात तो वीराचा मान होता. वाटणी मोडली. अकिलीस लढाईतून उठून गेला, आणि तिथून आगीने आपली जागा सोडली.

कशी, ते पाहा. आठव्या सर्गाच्या शेवटी ट्रॉयच्या मैदानात हजार शेकोट्या पेटलेल्या दिसतात, प्रत्येकीभोवती पन्नास माणसे. ही अजून सोबतीची आग आहे. सोळाव्या सर्गात ट्रॉयचा हेक्टर ग्रीकांच्या जहाजाला आग लावतो, तेव्हा तीच आग घरी परतण्याची वाट जाळू लागते. अकिलीसचा जिवलग मित्र पेट्रोक्लस मदतीला धावतो आणि हेक्टरच्या हातून मरतो. अठराव्या सर्गात अकिलीस खंदकापाशी नुसता उभा राहतो, आणि अथीना त्याच्या मस्तकाभोवती ज्वाळा पेटवते. वेढा पडलेल्या बेटावरच्या नगरातून मदतीसाठी जाळ करतात, तशी ती दुरून दिसते, असे कवी सांगतो. ही उपमा विलक्षण आहे. जळणारे ते नगर ट्रॉयच असायला हवे, पण इथे जाळ माणसाच्या डोक्यावर आहे.

एकविसाव्या सर्गात तर अकिलीसने मारलेल्यांच्या प्रेतांनी स्कॅमँडर नदी तुंबते, ती चिडून त्याच्यावर धावते, आणि त्याला वाचवण्यासाठी हेफेस्टस नदीलाच आग लावतो. काठची झाडे, लव्हाळे जळतात, पाण्यातले वाम तडफडतात. पुढची उपमा ऐकून थबकायला होते: चांगल्या पोसलेल्या डुकराची चरबी चुलीवर भांड्यात कढते, तशी नदी उकळू लागली. म्हणजे यज्ञातली चरबी, स्वयंपाकाचे भांडे, चुलीखालची कोरडी लाकडे, सारे आहे. फक्त जेवणारे कोणी नाही.

आणि मग पेट्रोक्लसची चिता. माझ्या दृष्टीने काव्यातला सर्वांत भयंकर प्रसंग हा, हेक्टरचा वध नव्हे. शंभर फूट लांबरुंद चिता रचतात. मेंढरे आणि बैल सोलून त्यांची चरबी काढतात आणि तिच्यात प्रेत पायापासून डोक्यापर्यंत गुंडाळतात. वेदीवर मांडीचे हाड गुंडाळावे, तसे. मध आणि तेलाचे घडे, चार घोडे, पेट्रोक्लसच्या नऊ पाळीव कुत्र्यांपैकी दोन, आणि शेवटी नदीतून जिवंत धरून आणलेले ट्रॉयचे बारा तरुण. अकिलीस त्यांना स्वतः मारतो. अग्नी त्यांना खाईल, असे तो मृत मित्राला सांगतो. मूळ ग्रीकमध्ये क्रियापद खरोखरच ‘खाणे’ हे आहे. या कृत्यासाठी कवी ‘वाईट’ हा शब्द वापरतो. तो निषेध समजायचा, की त्या बारा जणांना वाईट एवढाच त्याचा अर्थ, यावर पंडितांत वाद आहे. मला निषेधाचा अर्थ पटतो, कारण पुढेच आणखी एक गोष्ट घडते: चिता पेटत नाही!

अकिलीसला वाऱ्यांना नवस बोलावे लागतात. देवदूती आयरिस वाऱ्यांकडे जाते, तेव्हा ते पंगतीला बसलेले. ते तिला बसायचा आग्रह करतात; ती नको म्हणते, कारण तिला दूर इथिओपियन लोकांच्या यज्ञात आपला वाटा घ्यायला जायचे असते. इकडे बारा पोरांची प्रेते लाकडांवर पडलेली, तिकडे कुठेतरी खरा यज्ञ चाललेला आणि देव वाट्याला बसलेले. कवीने एक शब्दही जादा न बोलता दोन्ही शेजारी ठेवले आहेत. शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे की वर्गात गोष्ट सांगताना ही जागा घाईने ओलांडू नका.

शेवटच्या सर्गात हेक्टरचा बाप, वृद्ध प्रायम, रात्री एकटा शत्रूच्या तंबूत येतो आणि ज्या हातांनी आपले मुलगे मारले त्या हातांचे चुंबन घेतो. दोघे रडतात, एक बापाला आठवून, दुसरा मुलाला. प्रेत परत द्यायचे ठरल्यावर अकिलीस म्हाताऱ्याला जेवायचा आग्रह करतो. बारा मुले गेलेल्या नायोबीनेसुद्धा शेवटी अन्न घेतले, असे त्याला सांगतो. मग उठतो आणि स्वतः एक पांढरी मेंढी मारतो. ती सोलणे, तुकडे करणे, सळयांना टोचणे, जपून भाजणे, सारे शब्द पहिल्या सर्गातलेच परत येतात. देवाच्या वाट्याचा मात्र इथे उल्लेख नाही. आगीवर शिजलेले अन्न दोन शत्रू एकमेकांसमोर बसून खातात. याच अकिलीसने मरणाऱ्या हेक्टरला, तुला कच्चा खावा असे वाटते, असे सुनावले होते. मुलगा गेल्यापासून प्रायमच्या तोंडात गेलेला हा पहिला घास.

पुढचे थोडक्यात आहे. अकिलीस लढाई थांबवण्याचे वचन देतो. नऊ दिवस ट्रॉयचे लोक डोंगरातून लाकडे आणतात. पहिल्या सर्गात साथीचे दिवसही नऊच होते. दहाव्या दिवशी हेक्टरची चिता पेटते. या वेळी वाऱ्याला बोलवावे लागत नाही. अकराव्या पहाटे लोक जमतात, जिथे जिथे धग उरली आहे तिथे मद्य ओतून ती विझवतात, भाऊ आणि सोबती रडत रडत पांढरी हाडे वेचतात, सोन्याच्या पेटीत ठेवतात, जांभळ्या मऊ वस्त्रात गुंडाळतात, वर दगड रचून उंचवटा करतात. शत्रू अवचित येऊ नये म्हणून चारी बाजूंना पहारेकरी बसवलेले असतात. मग सारे प्रायमच्या वाड्यात जातात आणि पंगतीला बसतात. काव्य तिथेच थांबते.