उताऱ्यात आहे तेवढेच

काशीच्या ब्रह्माघाटावरील एका मराठी घरातला माझा भाचा परदेशी शिक्षणासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देऊन आला. वाचनात गुण कमी पडले आणि प्रवेश हुकला. शब्दसंग्रह तोकडा, असे घरच्यांचे निदान. मला ते पटेना.

वाचनाच्या भागात ३ उतारे, ४० प्रश्न आणि ६० मिनिटे. मी त्याच्याबरोबर सराव करू लागलो, तेव्हा चुकीचे मूळ दिसले. समजा, उताऱ्यात एवढेच आहे, की दशाश्वमेध घाटावर सायंकाळी आरती होते. ‘आरतीला गर्दी लोटते’ या विधानापुढे ‘उल्लेख नाही’ असेच लिहावयास हवे. काशीचा मुलगा ती गर्दी नित्य पाहतो; तो बेधडक ‘खरे’ लिहितो!

शिवरायांना १६७४ साली राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच काशीचे, मीमांसेचे पंडित. वाक्याचा अर्थ कसा लावावा, हाच त्या शास्त्राचा विषय. तीच शिस्त येथे हवी. उत्तराच्या आधाराचे वा विरोधाचे वाक्य बोट ठेवून दाखवावे. दाखविता येत नसेल, तर ‘उल्लेख नाही’ म्हणावे. अडलेल्या प्रश्नापाशी रेंगाळू नये. चुकीबद्दल गुण वजा होत नाहीत. म्हणून शेवटी एकही जागा कोरी ठेवू नये.

भाचा पुन्हा परीक्षेस बसणार आहे. मी मात्र कचेरीत शेरा लिहिताना आता थबकतो. अर्जात नसलेले मीही आजवर कितीदा वाचले असेल!